आबांची शेवटची ओळ

शाल्मलीने फाईल उघडली. पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. नुसती #£@&^ असली चिन्हं, ओळीच्या ओळी.

देवगडच्या समुद्रात तळाशी असलेली ही प्रयोगशाळा आबांनीच पस्तीस वर्षांपूर्वी उभारली होती. आज नातीला, शाल्मलीला, ती दाखवायला आणलं आणि नको तिथे नाक खुपसायची त्यांची खोड काही गेली नाही. खालच्या खोलीत उतरले आणि दार बंद झालं, ते उघडेचना. आत वीस मिनिटांची हवा. वर शाल्मलीसमोर ते दार उघडायचे दोन दांडे होते, लाल आणि निळा. चुकीचा आधी ओढला, तर खोलीत समुद्र शिरणार. कोणता आधी, हे आबा विसरले होते. त्यांनीच तेव्हा लिहिलेल्या या फाईलमध्ये तेवढं होतं. किनाऱ्याशी संपर्क वादळाने तुटला होता.

"फाईल खराब आहे. दुरुस्त करून जतन करू?" ढब्बू या गोल यंत्रमानवाने विचारलं.

"खबरदार!" भिंतीतल्या स्पीकरमधून आबा ओरडले. "बाय, आधी फाईलची प्रत काढ. जे काय करायचं ते प्रतीवर."

तिने प्रत काढली.

"आता ऐक. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडेच कळतात. आज जगभर 'क'चा आकडा एकच, २३२५. याला युनिकोड (सगळ्या लिपींची मिळून एकच क्रमवारी) म्हणतात. आमच्या वेळी मात्र ज्याचा फॉन्ट (अक्षरांच्या आकारांचा संच), त्याचे आकडे! फाईल धडधाकट आहे, तिचा फॉन्ट तेवढा हरवलाय."

"मग तो जुना फॉन्ट निवडते!"

"यादीत नाही," ढब्बू म्हणाला. "चौदा मिनिटं."

शाल्मली रडकुंडीला आली. आबा खोकत होते. आणि एकाएकी तिला कालची गंमत आठवली. आबा काहीही लिहोत, अगदी वाणसामानाची यादीसुद्धा, शेवटची ओळ ठरलेली. त्यावरून ती खो खो हसली होती.

"आबा, इथेही 'कळावे, लोभ असावा ही विनंती' लिहिलंत?"

"लिहिलं असणारच! जित्याची खोड!"

तिने शेवटची ओळ पाहिली: #£@&^, आणि पुढे बरंच काही. म्हणजे # हा क, £ हा ळ, @ हा काना! तिने 'शोधा आणि बदला' उघडलं. # शोध, क ठेव. एका फटक्यात फाईलभरचे सगळे # बदलले. मग £. मग @. 'लोभ'मधला ल बदलला, तशी वरच्या ओळीच्या सुरुवातीला अक्षरं उमटली: 'लाल'.

"आबा, लाल! लाल ओढते!"

"थांब! ओळ पुरी झाली?"

"सात मिनिटं," ढब्बू म्हणाला.

तिने दांड्यावरचा हात काढला. जिवावर आलं होतं, पण काढला. स, ह, वेलांटी... आणि 'विनंती'मधला न. काही चिन्हं तशीच राहिली, पण ती गाळून आता वाचता येत होतं.

लाल आ_ी ओ__ नका. आ_ी निळा, __ लाल.

'नका'! आणि ती लाल ओढायला निघाली होती. तिने निळा ओढला, मग लाल. खालून घरघर ऐकू आली आणि दार उघडलं. आबा धापा टाकत वर आले. शाल्मलीने त्यांना मिठी मारली आणि मग त्यांच्या पाठीत एक धपाटाही घातला.

"पुन्हा जाल एकटे?"

"नाही गो बाय."

जुनी फाईल तिने तशीच ठेवली. शेजारी नव्या फाईलमध्ये सगळी सूचना युनिकोडमध्ये नीट टंकली.

"आणखी शंभर वर्षांनी कोणी उघडली, तरी वाचता येईल ना?"

"'क'चा आकडा तोच राहील, म्हणजे येईल," आबा म्हणाले.

तिने थोडा विचार केला. मग खाली आणखी एक ओळ टंकली: कळावे, लोभ असावा ही विनंती. या वेळी तिला हसू आलं नाही.