चौथी तार

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. हे माझ्या मावसभावाच्या घरी घडलं. तिसऱ्या मजल्यावर, रविवारी दुपारी साडेतीनला, चांगल्या लख्ख उजेडात.

त्याला घरात सगळे खटपट्या म्हणतात. चालू वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

त्याचे वडील, अप्पा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. वाचा गेली होती. उजव्या हातात एक चमचा असायचा. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदल.

तीन म्हणजे... लगेच ये.

अप्पांचा जुना रेकॉर्ड प्लेअर घरघर करायचा. त्यांना गाणी स्वच्छ ऐकू यावीत म्हणून खटपट्याने नवा पट्टा चढवला, मोटर बदलली. राहिली होती सुई. नव्या सुईच्या डबीला मागून केसासारख्या बारीक चार तारा जोडायच्या असतात. चिमट्याने, श्वास रोखून. त्या दिवशी तीन जोडून झाल्या होत्या.

आणि आतून तीन ठोके आले.

तो आत गेला तेव्हा चमचा फरशीवर पडला होता. अप्पा गेले होते.

"कानाला हेडफोन होते गं. मला ऐकूच आलं नाही," त्याने थोरल्या बहिणीला, ताईला सांगितलं. ताईने त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. हेडफोन तेव्हा खिळ्याला टांगलेले होते. तो हात त्याला आजही भाजतो. पण खरं सांगायची छाती होईना. अप्पांमागे त्याला ताईशिवाय होतं कोण?

तीन महिन्यांनी त्याने पहिल्यांदा रेकॉर्ड लावली. आवाज काचेसारखा स्वच्छ. पहिलं गाणं संपलं. सुई दोन गाण्यांमधल्या कोऱ्या जागेत आली...

टण. टण. टण.

रेकॉर्डवर चरा असेल, म्हणून त्याने दुसरी लावली.

तेच.

जुनी सुई बसवली. जुना पट्टा, जुनी मोटरसुद्धा.

तेच.

शेवटी स्पीकरची वायरच उपटली. गाणं बंद झालं... ठोके आलेच.

त्याने प्लेअरवर चादर टाकली.

त्या रविवारी ताई आली. "अप्पांची एखादी रेकॉर्ड लाव ना."

"बिघडलाय तो."

"तुझ्या हातात असून? काहीतरीच," म्हणत तिने चादर काढली, वायर जोडली आणि स्वतःच रेकॉर्ड लावली.

पहिलं गाणं संपलं.

टण. टण. टण.

ताईचा चेहरा उतरला. "हा अप्पांचा चमचा आहे."

खटपट्या सुई उचलायला धावला. सुईचा दांडा जागचा हलेना.

दुसरं गाणं सुरूच झालं नाही. नुसती खरखर... आणि मग एक वैतागलेला आवाज. त्याचा स्वतःचा.

"थांबा हो अप्पा, एक तार राहिलीय."

ताई ओरडली नाही. रडलीही नाही. रेकॉर्डकडे बघतच तिने विचारलं,

"किती वेळ लागला त्या तारेला?"

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला.

ती पर्स उचलून निघून गेली. त्या गोष्टीला वर्ष होत आलं. ती त्याचा फोन उचलत नाही. मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. प्लेअर पुढ्यात उघडा पडलेला, हातात चिमटा. ठोके त्या रविवारपासून बंद आहेत म्हणाला. आम्ही इकडचं तिकडचं बोलत बसलो.

बोलता बोलता तो एकदम थांबला... हातातलं सगळं तिथेच टाकून उठला.

"आलो, अप्पा."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. आत रिकामा पलंग आहे, हे मला ठाऊक होतं. तो बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आत जाऊन बघायचा मला धीर झाला नाही.