पॉइंट वर की खाली

सामना अजून संपला नव्हता, आणि धाकटा हेडफोन काढून उठला!

ताई चहाचा कप घेऊन दारातच उभी होती. सामना चालू असताना खोलीत पाऊल टाकायचं नाही हा नियम तिनेच घातला होता, श्वाससुद्धा ती बेतानेच घ्यायची. आणि आज तर निवडीचा सामना, एका मोठ्या टीमची माणसं त्याचा खेळ बघत होती, तो जमला तर पगारी खेळाडू म्हणून बोलावणं येणार होतं... स्क्रीनवर त्याचा गडी एका भिंतीआड नुसता उभा होता, बाकीचे तिघे साथीदार गोळ्या खात होते, टेबलावरच्या हेडफोनमधून कोचचा आवाज माशीसारखा गुणगुणत होता, आणि हा शहाणा खिडकी उघडून रस्त्याकडे बघत होता, बसची वाट बघणारा माणूस बघतो तसा.

"सोन्या, अरे बस खाली. मारतील ना तुला."

"मारू देत."

त्याचा गडी मेला. स्क्रीन करडी झाली. दाराबाहेरच्या खुर्चीत पेंगणाऱ्या आप्पांनी, म्हणजे दोघांच्या वडिलांनी, डोळे उघडून जिंकलो का म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा ते पुन्हा पेंगू लागले. काहीतरी समजुतीचं बोलावं असं ताईला मनापासून वाटत होतं... पण तोंडातून बाहेर पडलं ते कित्येक वर्षं आत साठून आंबलेलं होतं.

"माझ्या आयुष्याचं मातेरं केलं रे मी तुझ्यासाठी. आणि तू खिडकीबाहेर बघत उभा राहतोस?"

धाकटा वळला. तो चिडला असता तर बरं झालं असतं! त्याचा चेहरा नुसता थकलेला होता, विशीतल्या मुलाचा असू नये इतका थकलेला.

"तेच तर, ताई. समोरून कोणी बंदूक रोखली ना, की मला तो माणूस दिसतच नाही. तू दिसतेस, स्वयंपाकघरात शिलाई मशीन घेऊन बसलेली. मी मेलो की वाटतं, गेलं, ताईचं आणखी थोडं गेलं. असं कसं खेळायचं, सांग ना."

संध्याकाळी त्याने एका पिशवीत कपडे भरले, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिच्याकडे न बघता तो घराबाहेर पडला.

आणि हे सगळं सुरू झालं होतं ते किती साध्या गमतीतून! आई दवाखान्यात होती तेव्हा दोघं भावंडं बाहेरच्या बाकावर दोन जुने फोन घेऊन बसायची. चौघांची टोळी करून एका बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत तग धरायचा, असा तो खेळ. ताई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, तिथे तिचं माप बोटभरही चुकायचं नाही, पण खेळातली जीप हातात आली की ती अशी चालवायची की तिला ब्रेक असतो हे जणू कोणी सांगितलंच नव्हतं. जीप नदीत जायची, आणि शेजारच्या खोलीत पेशंट झोपलेत म्हणून धाकटा तोंडात मूठ कोंबून हसायचा. लढाई ऐन रंगात आलेली असताना ही बंदूक खाली ठेवून एखाद्या रिकाम्या घरात शिरायची आणि म्हणायची, बघ रे, पडदे कसे लावलेत, शिवण किती वाकडी घातलीय... आणि तेवढ्यात दोघांना कोणीतरी मारून टाकायचं. त्या दिवसांत ती दोघं एकदाही जिंकली नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

आई गेली. जाताना तिने धाकट्याला आपल्या हवाली केलं, असं ताई सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे आईची वाचा आधीच गेली होती, तिने काहीही सांगितलं नव्हतं. पण ताईच्या व्याकुळ अंतःकरणाने ते ऐकलं, आणि एकदा ऐकलं म्हटल्यावर ते पुसायचं कोणी!

पुढे धाकट्याचा हात बसला. एक छोटी स्पर्धा त्याने जिंकली, मग एका कोचचा फोन आला, आणि ताईने पदर खोचला. त्याला शांतता हवी म्हणून खिडकीची खोली त्याला दिली आणि आपलं शिलाई मशीन स्वयंपाकघरात आणलं, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागायचा आणि पडद्याच्या कापडाला फोडणीचा वास लागायचा. पूर्वी सकाळी ती त्याला विचारायची, झोप झाली का? आता डोळे चोळत तो बाहेर आला की तिचा पहिला प्रश्न असायचा, पॉइंट वर की खाली? रात्री जिंकून ते वर गेले असले तर घरात हसूबोलू व्हायचं. खाली असले तर ती काही बोलायची नाही, नुसती भांडी जरा जोरात ठेवायची.

आणि तो सुतार... गिऱ्हाइकांच्या घरी ती माप घ्यायला जायची तेव्हा पडद्यांचे रॉड बसवायला दुकानातून तो सोबत असायचा. मोजकं बोलणारा माणूस. एकदा स्टुलावर उभं राहून भिंतीला भोक पाडता पाडता तिच्याकडे न बघताच तो म्हणाला होता, "दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढतोय. पडदे शिवायला माणूस लागेल. घरचंच माणूस असलं तर फार बरं." ताईच्या हातातून टेप निसटली होती. तिने ती उचलली, गुंडाळली, आणि म्हणाली, भावाची एवढी स्पर्धा होऊ द्या. तो थांबला. त्या स्पर्धेनंतर दुसरी आली, दुसरीनंतर तिसरी, आणि एके दिवशी ड्रिल घेऊन दुकानातून कोणी नवाच माणूस तिच्यासोबत आला.

त्या संध्याकाळी जेवण वाढताना तिला रडू अनावर झालं. काय झालं म्हणून धाकट्याने विचारलं आणि तिने सगळं सांगून टाकलं, वर म्हणालीही, जाऊ दे, तुझा खेळ महत्त्वाचा, माझं काय! त्याचा घास हातातच राहिला. त्याग गुपचूप करायचा असतो म्हणतात. ताईचा त्याग घरातल्या पंख्यासारखा सगळ्यांच्या डोक्यावर फिरत असायचा.

घर सोडल्यावर धाकट्याला एका बेकरीत काम मिळालं, आणि बेकरीच्याच वर राहायला खोली. आप्पांना तो फोन करायचा, ताईने फोन घेतला की मात्र 'बरं आहे' एवढ्यावर आवरायचा. घरी कधी येतोस, असं आप्पांनी एकदा स्पष्टच विचारलं. येईन, तो म्हणाला, पण त्या स्वयंपाकघरात जाऊन ताईच्या हातचं जेवायची हिंमत होत नाही अजून. आप्पांनी निरोप ताईला जसाच्या तसा दिला. तिला दुसरं काही नको होतं, तो परत यायला हवा होता! पण तो आणायचा कसा हे कळेना, आणि अशा वेळी ती जे नेहमी करायची तेच तिने पुन्हा केलं... त्याच्यासाठी खपायला लागली.

झालं असं, की धूळ पुसताना तिने त्याचा कॉम्प्युटर चालू केला. अकाउंट उघडंच होतं. बरेच दिवस खेळला नाहीत म्हणून तुमचे पॉइंट उतरत आहेत, अशी सूचना समोर झळकली. एवढ्या कष्टाने चढवलेले पॉइंट! तो परत आला, त्याला पुन्हा खेळावंसं वाटलं, तर निदान त्याची जागा तरी शाबूत हवी. तिने कंबर कसली, त्याचे हेडफोन कानाला लावले, आणि त्याच्या नावाने खेळायला बसली.

टोळीतले तिघं अनोळखी होते. त्याचं नाव बघून ते खूश झाले, आज जिंकलोच म्हणाले. आणि मग ही बया उतरली मैदानात! फोनवरचा खेळ वेगळा, इथे कोणत्या बटणाने काय होतं हेच आठवेना, बंदूक काढायला जावं तर गडी उड्या मारायचा. अरे काय करतोस, मागे बघ, मागे, असा कानात कल्लोळ उठला, आणि शेवटी एकजण थंडपणे म्हणाला, "खेळता येत नाही तर मरायला येता कशाला?" पॉइंट घसरले. ते भरून काढायला ती पुन्हा बसली, आणखी घसरले. दुसऱ्या दुपारी बसली, तिसऱ्या दुपारी बसली... जितकी धडपड करावी तितकी ती खाली चालली होती. एकदा पळता पळता ती एका घरात लपली. खिडकीला पडदे होते. तिचं तिकडे लक्षसुद्धा गेलं नाही, नजर कोपऱ्यातल्या आकड्याला चिकटली होती, आणि गडी मेल्यावर ते तिच्या ध्यानात आलं.

चार दुपारींत तिचा जीव असा मेटाकुटीला आला होता, आणि तो वर्षानुवर्षं ह्याच खुर्चीत बसत होता! हे शिव्या देणारे निदान परके होते, हेडफोन काढला की गप्प होत होते. त्याच्या पाठीशी मात्र चहाचा कप घेऊन दारात कोण उभं असायचं? आपण शिव्या दिल्या नाहीत, आपण तर त्याच्यासाठी सगळं सोडलं, असंच ती आजवर मानत आली होती... आणि शिव्यांपेक्षा तेच त्याला जड झालं होतं. ती ओंजळीत तोंड लपवून रडली, आणि ह्या वेळी ते ऐकवायला तिने कोणाला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत गेली. मागच्या बाजूला धाकटा पावाचे ट्रे भट्टीतून काढत होता, भुवयांवर पीठ, हातात जाड मोजे. तिला बघून तो गडबडला, बसायला एक क्रेट पालथा घातला. ताई बसली आणि आढेवेढे न घेता म्हणाली, "तुझे पॉइंट घालवले मी. उतरत होते म्हणून तुझ्या नावाने खेळायला बसले."

"कुठवर आले?"

"तळाला."

मग त्याच्या तोंडाचा चंबू झाला, आणि तो असा हसत सुटला की भट्टीवरचा माणूस वळून बघायला लागला. "अगं, इतक्या खाली तर मी पहिल्या दिवशीसुद्धा नव्हतो," तो कसाबसा म्हणाला, आणि मग तिलाही हसू आवरेना. बेकरीवाला आतून ओरडला, हसणं झालं असेल तर पाव करपताहेत तेवढे बघा. ट्रे बाहेर निघाला. ताईने डोळे पुसले.

"चुकले रे मी. तुझ्या मानेवर बसले होते आणि म्हणत होते, खेळ. आता घरी चल."

त्याचं हसू विरलं. हातातला मोजा तो उलटासुलटा करत राहिला.

"पॉइंटचं काही नाही गं. पण तो सुतार गेला ना. तो कुठून परत आणू मी? तुझ्यासमोर जेवायला बसलो की तेच आठवणार."

ताईला म्हणायचं होतं, त्यात तुझा काय दोष, मीच वेडी. पण असं म्हटलं तर तो मान हलवेल आणि जन्मभर ते ओझं उचलून फिरेल, हे तिला त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. त्या दुसऱ्या गावच्या, कधीही न पाहिलेल्या घराच्या खिडकीसाठी तिने मनातल्या मनात कापडही निवडून ठेवलं होतं... निळं, बारीक रेघेचं. दुकानात त्या कापडाचा तागा उलगडायची वेळ आली की अजूनही ती दुसऱ्या कोणाला पुढे करायची. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने चेहऱ्यावर थोडी लाज, थोडा वैताग आणला.

"त्याचं काय घेऊन बसलास? मला करायचंच नव्हतं ते लग्न. परकं गाव, परकी माणसं, धडकीच भरली मला. तोंडावर नाही म्हणवेना, मग तुझी स्पर्धा पुढे केली. दर वेळी."

"आणि त्या दिवशी रडलीस ती?"

"लबाडी केली म्हणून रडले. आता सगळं वदवून घेणार आहेस का?"

तो तिच्याकडे एकटक बघत होता. आयुष्यात एकही गोष्ट पोटात न ठेवणाऱ्या त्या ताईने पापणीही लवू दिली नाही. मग हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली, आणि तो म्हणाला, "हद्द झाली तुझी, ताई. आधी सांगायचं नाही का?"

तो परत आला. आल्या आल्या त्याने आणि आप्पांनी मिळून मशीन खिडकीच्या खोलीत हलवलं. बेकरीचं काम त्याने सोडलं नाही, टीमकडे पुन्हा विचारणा केली नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघं फोन घेऊन बसायची, हरायची, एकमेकांना नावं ठेवायची आणि पुन्हा बेटावर उतरायची.

अशाच एका दुपारी जेवताना आप्पांना कुठून काय आठवलं कोण जाणे! तो रॉडवाला मुलगा चांगला होता, म्हणाले, आपल्या ताईला शोभला असता. ताईचा हात वाढता वाढता थांबला.

"कसला शोभतोय, आप्पा," धाकटा हसत म्हणाला. "तुमची लेक भित्री. परक्या गावाला घाबरली आणि माझं नाव पुढे केलं. आणि मी वेडा, माझ्यामुळेच मोडलं म्हणून झुरत बसलो होतो."

आप्पांनाही हसू फुटलं. आई गेल्यापासून धाकट्याला इतकं निर्धास्त हसताना ताईने पाहिलं नव्हतं. ती त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिली, मग तीही हसली.

"हो ना, आप्पा," ती म्हणाली. "भित्रीच आहे मी."