मावशीच्या हाताचा ठसा

मी प्राणी बनवतो. नसलेले. चित्रपटांसाठी, नाटकांसाठी, एखाद्या वेळी प्रदर्शनासाठी. लोकांना वाटतं या कामाला अचाट कल्पनाशक्ती लागते. खरं सांगायचं तर लागते उचलेगिरी. पंजा घुबडाचा, मान कासवाची, पाठ आटलेल्या तळ्यातल्या चिखलाची; आणि हे सगळं अशा बेतानं जोडायचं की बघणाऱ्याला सांधा दिसू नये. बावीस वर्षं मी हेच करतोय.

आमची कार्यशाळा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या पहिल्या मजल्यावर आहे. उत्तरेला मोठ्या खिडक्या, मधोमध लांब टेबल, भिंतीला लागून खणाखणांचं लाकडी कपाट. त्या कपाटात माझे ठसे असतात. झाडाच्या सालीवर पातळ रबर ओतायचं, सुकलं की अलगद सोलायचं; सालीची भेग न् भेग त्यात उलटी उतरते. तो ठसा ओल्या मातीवर दाबला की साल पुन्हा सुलटी उमटते. अक्रोडाचं टरफल, शिंपला, सापाची कात, गंजलेला पत्रा, वाळवीनं खाल्लेली फळी. एकेका खणात मी एकेक जग जपून ठेवलंय.

त्या वर्षी एका दिग्दर्शकाला जंगलातला एक प्राणी हवा होता. हजार वर्षं एकाच जागी बसून राहिलेला. मुलांना त्याची भीती वाटावी, पण जवळही जावंसं वाटावं. मी उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या मुळांवरून धड काढलं. पाठीला खवल्या मांजराचे खवले दिले, पण ते शिंपल्यांचे. मागचे पाय बेडकाचे, पुढचे दोन हात मात्र लांब, जवळजवळ माणसासारखे. सगळं अंग सालीचं, म्हणून आमच्या रंगकाम करणाऱ्या बाईंनी त्याचं नाव ठेवलं खोडकर. तो टेबलावर बसलेला असायचा आणि येताजाता सगळे त्याला दटावायचे, "खोडकर, शहाण्यासारखा बस हं!"

तीन महिन्यांनी दिग्दर्शक बघायला आला. दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, "सगळं बरोबर आहे. पण हा जगलेला वाटत नाही. याच्यावर कधी काही घडलंय असं दिसत नाही."

तो गेल्यावर मी बराच वेळ खोडकरचे हात बघत बसलो. त्याचं म्हणणं खरं होतं. आणि त्या हातांवर काय हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

*

माझी मावशी आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर राहते. आईची धाकटी बहीण. मी चार वर्षांचा असताना आमच्या घराला आग लागली. आईबाबा कामावर गेले होते, मी आत झोपलो होतो. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांची. ती आली तेव्हा जिना पेटला होता. शेजाऱ्यांनी तिला धरलं, तर त्यांना हिसडा देऊन ती आत गेली आणि मला घोंगडीत गुंडाळून घेऊन आली. माझ्या अंगावर एक ओरखडासुद्धा नाही. तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत भाजला.

ती जखम भरली, पण कातडी पुन्हा कातडीसारखी झाली नाही. कुठे दोरखंडासारखे पीळ, कुठे मेणासारखी ओघळलेली, कुठे पाण्यावरच्या सुरकुतीसारखी बारीक, चकचकीत. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. "हाताचा काय संबंध," ती म्हणायची, "माणूसच गुळमुळीत होता." मग ती माझ्यासाठीच राहिली. मला चिमण्या म्हणायची, माझी चाळिशी उलटली तरी.

तिनं हात झाकायला सुरुवात केली ती माझ्यामुळे. मी नऊ वर्षांचा असताना शाळेच्या फाटकात एका मुलानं विचारलं होतं, "ही राक्षसीण तुझी कोण?" सगळे हसले. मीही हसलो. ती चार पावलांवर उभी होती. दुसऱ्या दिवसापासून भर उन्हाळ्यातही तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा.

मी तिला रीतसर विचारलं, हे खरं आहे. "मावशी, तुझ्या हाताचा एक ठसा घेऊ? कामासाठी."

तिनं बाही मनगटावर ओढली. "तेवढं नको रे चिमण्या. दुसरं काहीही माग."

मी बरं म्हणालो. आणि पुढच्या मंगळवारी, ती दुपारी औषध घेऊन झोपली असताना, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तसला लगदा कालवून घेऊन गेलो. बाहीची बटणं काढली. लगदा घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तिसऱ्या मिनिटाला तिची पापणी हलली.

"गार काय लागतंय?"

"मलम लावतोय, मावशी. झोप तू."

"माझं बाळ ते," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

*

ठसा अप्रतिम उतरला. मी तो खोडकरच्या दोन्ही हातांवर दाबला, मग गालावर, मग गळ्याखाली. संध्याकाळपर्यंत तो प्राणी बदलला होता. रंगवाल्या बाई ब्रश हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. "कुठून आणलंस हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एका जुन्या झाडावरून." दिग्दर्शकानं तर त्याचा हातच हातात घेतला.

आठवड्याभरानं बाई म्हणाल्या, "हे हात गरम का लागतात?"

मी बघितलं. सालीचा भाग थंड होता. ठशाचा भाग कोमट होता, आजारी माणसाच्या कपाळासारखा. आतला फोम अजून बसत असेल, मी म्हणालो; त्यातून उष्णता निघते, हे खरंही आहे. पण फोम ओतून वीस दिवस झाले होते. मग जळकट वास यायला लागला. वायरमन येऊन सगळी बटणं उघडून बघून गेला. त्याला काहीच सापडलं नाही.

त्याच सुमारास मावशीकडे दिवसभर असणाऱ्या बाईंनी मला दारातच गाठलं. "दादा, मलम कुठलं लावलंत हो? थोडं माझ्या नवऱ्याच्या पायालाही द्या."

"कसलं मलम?"

"असं काय करता? मावशीच म्हणाल्या, तुम्ही मलम लावलं म्हणून. हात बघा की त्यांचा."

मावशी खिडकीशी बसली होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पीळ निवले होते. ओघळ सपाट झाले होते. त्वचेच्या डॉक्टरांना मी फोन केला. वय वाढलं की जुने व्रण मऊ पडतात, ते म्हणाले. किती मऊ, ते मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या दहा दिवसांत तो हात नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला. त्यावर लवसुद्धा नव्हती.

आनंद व्हायला हवा होता. पण मावशी जेवेनाशी झाली. बाई सांगायच्या, बसल्या बसल्या रडतात, विचारलं तर बोलत नाहीत. आणि मी आत गेलो की ती माझ्याकडे जरा चाचपडत बघायची, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तशी. एका रविवारी मी दार उघडलं तर ती पटकन उठून उभी राहिली.

"कोण पाहिजे आपल्याला?"

वयाचा दोष, मी स्वतःला सांगितलं. पण तिला बाईंच्या तिन्ही मुलींची नावं पाठ होती. दूधवाल्याचा नवा नंबर तोंडपाठ होता. ती फक्त मला विसरली होती.

घरी आल्यावर मी बायकोला काहीच सांगितलं नाही. तिनंच जेवताना नाक वाकडं केलं. "तुझ्या कपड्यांना कसला वास येतोय? काहीतरी जळल्यासारखा. कालही येत होता."

मी आंघोळ केली. दोनदा केली. अंगावर काही दिसत नव्हतं. फक्त आरशावर वाफ धरत नव्हती, इतकं पाणी गार घेतलं होतं. तरी मला उकडतच होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठसा खिशात घालून मावशीकडे गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. बाई बाजारात गेल्या होत्या.

"या ना, बसा," मावशी म्हणाली. तिनं खुर्ची पुढे केली. शेजारच्या तिपाईवर तिचा पाण्याचा पेला होता.

"मावशी, मी तुझी एक वस्तू चोरली," मी म्हणालो आणि ठसा तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं तो उलटसुलट केला. अंगठा फिरवला. "छान आहे. झाडाची साल का?"

"तुझा हात आहे हा. त्या दिवशी भाजला तो."

"माझा हात कुठे भाजलाय?" तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सारखेच. गोरेपान, गुळगुळीत.

"आग लागली होती. मी चार वर्षांचा होतो."

ठसा तिच्या मांडीवरून खाली पडला. तिनं उचलला नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं त्या आगीचं?"

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"माझ्या ताईचा मुलगा होता," ती म्हणाली. "चार वर्षांचा. चिमण्या म्हणायचे मी त्याला. आत झोपला होता."

"मावशी..."

"मी जिन्यापर्यंत गेले होते हो. त्याचा आवाज येत होता. मलाच हाका मारत होता."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

"सगळ्यांना मी सांगितलं, शेजाऱ्यांनी मला धरून ठेवलं म्हणून. ताईलाही तेच सांगितलं. मरेपर्यंत तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही." तिनं आपल्या गुळगुळीत हाताकडे पाहिलं. "खोटं होतं ते. त्यांनी मला सोडलं होतं. माझेच पाय हलले नाहीत."

मला ओरडून सांगायचं होतं की हलले होते. तू आत गेली होतीस. तुला एक सुतार आणि दोन बायका धरत होत्या आणि तू तिघांनाही ढकललंस. मी हे लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. पण सांगणाऱ्यांपैकी आता कोणीच उरलं नव्हतं. एकच पुरावा होता, आणि तो मी सोलून नेला होता.

मी तिच्यासमोर खाली बसलो. "मावशी, बघ माझ्याकडे. मीच चिमण्या."

तिनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. रागावली नाही, घाबरलीही नाही. थकलेल्या माणसाला मनासारखं स्वप्न पडावं, तसा तिचा चेहरा सैल झाला.

मग तिनं हात पुढे केला आणि बोटं माझ्या गालावर ठेवली.

लगेच मागे घेतली.

त्यांवर हळूच फुंकर घातली. आणि माझ्यावरची नजर न काढता तिनं ती चारही बोटं शेजारच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवली.