गुरुवारी शून्य पावलं

दुरुस्तीवाल्याचा फोन आला तेव्हा फौजदार बाईंनी जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. "बाई, त्या हरवलेल्या मुलीचा गेम माझ्या टेबलावर आहे. तिचा मामाही इथेच बसलाय. लगेच या," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. बाईंनी डब्याला झाकण लावलं.

मुलगी बेपत्ता होऊन एकोणीस दिवस झाले होते. वय बावीस, आई दोन वर्षांपूर्वी वारलेली, घरात फक्त वडील. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि निघायच्या आदल्या दिवशीच ती नाहीशी झाली. तक्रार मामाने दिली. वडील एवढंच म्हणाले, की सकाळी उठलो तर ती नव्हती. सज्ञान मुलगी, गेली असेल कुणाबरोबर, म्हणून ठाण्याने फाइल बाजूला सारली. बाईंनीही सारली होती आणि ते त्यांना आता खुपत होतं.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोघं आत आले की तिसऱ्याने श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्नच. टेबलावर हातात मावणारा, घडीचा गेम कन्सोल उघडा पडला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर मामा घाम पुसत होता.

"हा कुठून आणलात?"

"दाजींनी दिला. काल संध्याकाळी माझ्या औषधाच्या दुकानात आणून दिला. ती गेल्यापासून तिच्या कपाटात पडून होता म्हणाले. याच दुकानात ने, कस्टम फर्मवेअर घालून आण, तिची आठवण चालू राहू दे."

"कस्टम फर्मवेअर म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही हो. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं."

चिठ्ठी वडिलांच्याच अक्षरातली होती. लाकडाच्या गिरणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा शब्द कुणी शिकवला, हे बाईंनी मनात टिपून ठेवलं.

दुरुस्तीवाल्याने समजावून सांगितलं. कंपनीच्या सिस्टिमला बगल देऊन आपल्या सोयीची सिस्टिम घालायची, की यंत्र आपल्या मर्जीने चालतं. पण आधी तयारी हवी. बॅटरी भरायची, कार्ड तपासायचं, आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि रोजची नोंद वाचून ठेवायची. भिंतीवर तशी यादीच चिकटवलेली होती.

"कार्डावर एकही फोटो नाही, कुणीतरी पुसलेत. वायफाय बंद. पण बॅटरी काठोकाठ भरलेली. एकोणीस दिवस कपाटात पडलेल्या यंत्राची? म्हणून नोंद नीट पाहिली. बाई, हा गेम पावलं मोजतो. झाकण मिटून खिशात टाकला तरी."

बाई खाली वाकल्या. नोंद तासातासाची होती. सकाळी आठ ते बारा पावलं. बारा ते एक काही नाही. एक ते पाच पुन्हा पावलं. रविवारीसुद्धा. दोन्ही गुरुवारी मात्र दिवसभर शून्य.

"काल संध्याकाळी सात ते आठ, बाराशे पावलं. ही कुणाची?"

मामाचा चेहरा उतरला. "माझी असतील. पिशवीत घालून चालतच घरी गेलो."

"तुमचं दुकान कधी बंद असतं?"

"रविवारी."

"आणि गिरणी?"

मामा स्टुलावरून उठला. गिरणी गुरुवारी बंद असे.

निघता निघता बाईंनी यादीवर बोट ठेवलं. अक्षर गोल, नेटकं होतं. "ही कुणी लिहिली?"

"तिनेच," दुरुस्तीवाला म्हणाला. "वर्षभर माझ्याकडे कामाला होती. मी नोंद वाचायला टाळाटाळ करायचो, म्हणून भांडून लिहून ठेवली."

बाई मामाला आणि एका शिपायाला घेऊन गिरणीच्या आवारात पोचल्या तेव्हा करवत कानठळ्या बसवत होती. वडिलांचं दुमजली घर गिरणीला खेटूनच होतं. पंधरा दिवसांपूर्वी बाई याच जागी दहा मिनिटं उभ्या राहून, ओरडून ओरडून प्रश्न विचारून परत गेल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी वडिलांना घरात नेलं आणि शिपायाला करवत बंद करायला धाडलं.

करवत थांबली. डोक्यावरच्या फळ्या करकरल्या. कुणीतरी चालत होतं. चार पावलं, पाच, मग तीही थांबली. वडिलांनी मान खाली घातली.

"तुम्ही गिरणीत असलात की ती चालते," बाई म्हणाल्या. "आठला तुम्ही जाता, बाराला जेवायला येता, पाचला सुटता. नोंद म्हणजे तुमच्या गिरणीचं वेळापत्रक आहे. गुरुवारी तुम्ही दिवसभर खाली बसता, म्हणून ती जागची हलत नाही. करवत चालू असताना कितीही ओरडली तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं, आणि बंद असताना तुम्ही होतात. फोन तुम्ही काढून घेतलात. फोटो पुसलेत, वायफाय बंद केलंत. खेळणं आहे म्हणून एवढं ठेवलंत."

"जेवेना ती," वडील पुटपुटले. "चार दिवस घास घेतला नाही. म्हणाली, गेम संपले, त्या दुकानातून अमुक करून आणा, मग जेवेन. तिथे मला तोंड दाखवायचं नव्हतं. म्हणून मेव्हण्याला दिला."

"तो शब्द तिने सांगितला, तुम्ही लिहिलात. हे काम सांगितलं की तो माणूस आधी सगळं उतरवून घेणार, नोंद वाचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरची यादीच तिची आहे."

"तिची आई गेली. हीसुद्धा निघाली होती. दोन-चार महिने राहिली असती तर नोकरीचा नाद सुटला असता. मी तिला बोटसुद्धा लावलं नाही, बाई."

बाईंनी हात पुढे केला. वडिलांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून किल्ली काढून दिली.

मुलगी जिना उतरून आली तेव्हा उजेडाने तिचे डोळे मिटत होते. वडिलांकडे तिने एकदाच पाहिलं आणि ती रडली. मग दारात उभ्या मामाला विचारलं, "दुकानात कॉपी घेतली ना त्यांनी आधी?" मामाने होकारार्थी मान हलवली.

ती अंगणात निघाली. आठ पावलं टाकली, थबकली आणि सवयीने मागे वळली. वरची खोली तेवढीच, आठ पावलांची होती. मामा धावत गेला, त्याने तिचा हात धरला आणि दोघं मिळून नववं पाऊल टाकून फाटकाकडे निघाले.