आईच्या रक्तातला जागल्या

धानोऱ्याच्या जंगलात रोज अठरा किलोमीटर गस्त घालणारी वनरक्षक सगुणा नैताम चौदा वर्षांची होईपर्यंत धड शाळेतही चालत गेली नव्हती. तिला सिकलसेल होता. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक वाहिन्यांत अडकायच्या आणि हाडं आतून कुणी पिळावीत तशी दुखायची. आताच्या पोरांना ते दुखणं फक्त ऐकून माहीत होतं.

ही किमया डॉ. वैदेही खानझोडे यांची. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशी वाकू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक गप्प होतं. नष्ट होत नाही. जनुकाची नक्कल उतरवणारी यंत्रणा पेशीत तयारच असते, तिला बोलावणारं कुणीतरी लागतं. ते काम सक्रियक प्रथिनं करतात. जनुकाजवळच्या डीएनएच्या ठरावीक तुकड्यावर बसायचं आणि यंत्रणेला तिथं आणून कामाला लावायचं. वैदेहींनी असंच एक प्रथिन घडवलं आणि ते बनवण्याची सोय रुग्णाच्या अस्थिमज्जेत कायमची करून ठेवली. रोजची गोळी चालू असेपर्यंत ते आपली जागा सोडत नसे. गावाने त्याचं नाव ठेवलं जागल्या.

लग्नानंतर दोन वर्षांनी सगुणाला दिवस गेले. पाचव्या महिन्यातल्या तपासणीत बाळाची वाढ मागे दिसली. वैदेही दोन दिवस अहवाल पाहत राहिल्या. मग सगुणाला आणि तिच्या नवऱ्याला, दलसूला, समोर बसवून त्यांनी समजावलं. गर्भातलं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरतं, म्हणूनच बाळ तो आईच्या रक्तातून ओढून घेतं. पण सगुणाचं रक्तही आता बाळासारखंच होतं.

“म्हणजे मी त्याला देतच नाही?”

“देतेस. पुरेसं देत नाहीस. चूक तुझी नाही, माझ्या औषधाची आहे.”

दुसऱ्याचं रक्त चढवूनही भागलं असतं, पण लहानपणी ते इतक्या वेळा चढवलं होतं, की आता तिच्या शरीराला कुणाचंच मानवत नव्हतं. राहिला एकच मार्ग, गोळी थांबवायची. मग जुनं दुखणं परतणार, जीवही जाऊ शकणार. दलसू हळूच म्हणाला, की मूल पुन्हा होईल. सगुणाने ऐकून घेतलं आणि दुखणं कधी सुरू होईल एवढंच विचारलं.

ते सातव्या महिन्यात सुरू झालं. वैदेही नागपूरची प्रयोगशाळा सोडून धानोऱ्याच्या दवाखान्यात राहायला आल्या. फुप्फुसात रक्त अडकून सगुणा दोन दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावरही तिने गोळी घेतली नाही. आठव्या महिन्यात मुलगी झाली, पावणेदोन किलोची, जोरात रडणारी. सगुणा पुन्हा गोळी घेऊ लागली, पुन्हा गस्तीवर गेली. खुब्याचं हाड मात्र निकामी झालं होतं. ती आता लंगडत चालते. त्या भागात तिचं नाव आदराने घेतात.

आता उपचार सुरू करण्याआधी वैदेही प्रत्येक मुलीला हे सगळं सांगतात. परवा तेरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “बाळाच्या वेळी गोळी सोडायची. सगुणाताईंनी सोडली तशी.”

शेजारी बसलेल्या आईने मान डोलावली. वैदेहींना सगुणाचं धैर्य ठाऊक होतं. त्याची रीत होईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.