डावरी गाठ

घरातलं माणूस मेलं की वस्तीनं जागा सोडायची, ही सिपापो नदीकाठची रीत. कासिल्दाचं म्हणणं इतकंच होतं, की तिचा नवरा मेलेलाच नाही. तीन महिन्यांपूर्वी एव्हेलिओ रानात बिळांतले खायचे कोळी धरायला गेला आणि परतला नाही. प्रेत कुणी पाहिलं होतं का? तरी वस्ती पलीकडच्या काठाला गेली. ही मागे राहिली, एका माणसापुरती कसावाच्या कंदाची भाकरी भाजत.

आज धाकटा दीर आन्सेल्मो होडी घेऊन आला होता.

"वहिनी, हे शेवटचं. नदी फुगली की मी यायचा नाही."

"नको येऊस. आमंत्रण कुणी धाडलं होतं तुला?"

"दादा आता येत नाही. चला तुम्ही."

"आला आणि घरात कुणी नसलं तर?" ती उठली. "बस इथं. जेवायला कोळी आणते."

"मी नाही हं येत! त्या ताटाएवढ्या धुडांना मी लांबूनच नमस्कार करतो."

ती एकटीच निघाली. पहिल्या बिळाशी उकिडवी बसून तिनं आत वेलीचा लांब देठ घातला आणि बोटांत फिरवला. भक्ष्य समजून कोळी देठाला झोंबतो, मग त्याला हळूहळू वर ओढायचं आणि पाय पाठीवर दुमडून पानानं बांधायचं. पण बीळ रिकामं होतं. तोंडावरचं जाळं नुकतंच फाटलेलं. दुसरंही तसंच. ओल्या मातीत पावलं मात्र फक्त तिचीच होती.

तिसरं बीळ एका मोठ्या मुळाखाली होतं. देठ फिरवताच आतून ओढ आली. कोळ्याचा हिसका नव्हे. दोन संथ ओढी, मग ढील.

रोज सकाळी तिला उठवायला एव्हेलिओ तिच्या निजायच्या झोळीची दोरी अशीच ओढायचा. तिला भडभडून आलं.

तिनं देठ वर घेतला. कोळी आला. जिवंत. विषारी दात हलत होते. आठही पाय पाठीवर दुमडून हिरव्या पानाच्या पट्टीनं बांधलेले. गाठ डावरी.

अख्ख्या वस्तीत डावरा एकच होता.

"एव्हेलिओ?"

बीळ जेमतेम मुठीएवढं होतं.

"वहिनी! पाणी चढतंय!" नदीकडून हाक आली.

तिनं हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. गाल चिखलाला टेकला.

"किती उशीर केलास रे," ती रडत म्हणाली.

आत कुणीतरी तिचा हात धरला. स्पर्श कोमट होता.

मग सावकाश, सरावानं, तिचं एकेक बोट मागे दुमडलं जाऊ लागलं.