पेन्सिलीचा मसुदा

पाणी खात्याच्या तक्रार विभागातल्या हेडक्लार्कला सगळे देवमाणूस म्हणत. त्याची उत्तरं इतकी गोड असत, की नळाला थेंब न येताही लोक आभार मानून जात. या गोडव्यामागची रीत मात्र कुणाला ठाऊक नव्हती. प्रत्येक अर्जाला तो आधी पेन्सिलीने मनातलं उत्तर लिही. त्यात अर्जदाराची अक्कल, खानदान, सगळं निघे. मग तो कागद बारीक फाडून टोपलीत टाकी आणि शांतपणे शाईचं पत्र लिहायला घेई. तीस वर्षांत आपलं पोट बिघडलं नाही ते यामुळेच, असं त्याचं ठाम मत होतं.

धाकट्या बहिणीलाही त्याने याच रीतीने लिहिलं. तिची मुलगी गच्चीवरून पडून गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी तो बहिणीकडे नुसता पाहत राहिला होता. भांडण म्हणाल तर एवढंच, पण तेव्हापासून ती बोलली नव्हती. आता बायको गेल्यावर घर त्याला खायला उठे. बहीण राहायला आली, तर उरलेले दिवस माणसात जातील...

पेन्सिलीने त्याने लिहिलं, ‘तू फोनवर हसत बसलीस म्हणून पोर गेली.’ हा कागद त्याने मोरीत जाळला आणि राखेवर पाणी ओतलं. मग शाईने लिहिलं, ‘झालं ते विसरू. राहायला ये.’ ते पत्र स्वतः पेटीत टाकून तो घरी परतला.

पाचव्या दिवशी, रविवारी भर दुपारी बहीण बॅग घेऊन दारात उभी.

“पंखा अजून कुरकुरतोय वाटतं,” आत येऊन बसत ती म्हणाली. “तू मात्र कधी कुरकुरला नाहीस, दादा.”

“पत्र मिळालं ना?”

“दोन्ही मिळाली.”

पाण्याचा पेला त्याच्या हातातच राहिला. तिने बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पेन्सिलीचं, त्याचंच अक्षर. कागद नवा करकरीत होता, पण त्याला धुराचा वास येत होता.

“हे... हे मी जाळलं होतं.”

“हो, म्हणाला तो.”

“कोण?”

“तूच. घरी आलास, समोर बसून वाचून दाखवलंस. शेवटच्या ओळीला रडलास. तुझे डोळे अकरा वर्षं हेच म्हणत होते, दादा, तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग मीही बोलले. होते फोनवर. हसत होते... आपण दोघं दिवे लागेपर्यंत रडत होतो.”

“अगं, मी घर आणि ऑफिस सोडून कुठे गेलोच नाही...”

“ठाऊक आहे. निघताना त्यानेच बजावलं, ‘त्याला एकदम सांगू नकोस. भला माणूस आहे, घाबरेल.’”

त्याने हसून पाहिलं. जमलं नाही.

“पण तू... राहायला आलीस ना?”

“राहायलाच आलेय.” तिने बॅग उचलली. “तुझ्याकडे नाही.”

सकाळपासून रिकाम्या असलेल्या आतल्या खोलीत कुणीतरी गादी झटकत होतं. मग तिथून त्याचा स्वतःचाच आवाज आला, “ये गं. उन्हातून आलीस, जरा पड.”

बहीण आत गेली. दार हळूच लागलं.

देवमाणूस खुर्चीवर बसून राहिला. इतक्या मायेने आपण आयुष्यात कधी कुणाशी बोललो होतो, ते त्याला काही केल्या आठवेना.